मॅनेजरसमोर "भागतंय" म्हणू नका: छोट्या धंद्याला बँकेचं कर्ज कसं मिळवायचं, वहीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

आमच्या सोलापुरात ज्वारीची कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. त्यातल्याच एका मावशींबरोबर मी बँकेत गेले होते, पन्नास हजार पाहिजे होते. साहेबांनी विचारलं, मावशी महिन्याला किती सुटतात? मावशी म्हणाल्या, "भागतंय की." साहेब म्हणाले बरं, पण आकडा सांगा ना काहीतरी. मावशी म्हणाल्या, "कुणाचं देणं नाही बघा, देवाच्या दयेनं चाललंय." साहेब हसले, चहा सांगितला, फॉर्म परत आमच्याकडे सरकवला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.

आता ही बाई रोज पहाटे चारला उठून शंभर भाकऱ्या थापते, किराणावाला तिला महिन्याचा माल डोळे झाकून उधार देतो, भिशीत तिचा हप्ता कधी चुकलेला नाही. म्हणजे गल्लीत तिची पत आहे. बँकेत नाही, कारण फॉर्मात "भागतंय" लिहायला रकानाच नाही. साहेब वाईट नव्हते हो, त्यांना कागदावर काहीतरी दिसायला पाहिजे, आणि मावशींचा सगळा धंदा डोक्यात आणि पदराच्या गाठीत.

मी गेली काही वर्षं बचत गटांचे हिशोब लिहिते आणि लोकांचे कर्जाचे फॉर्म भरायला मदत करते, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. गल्लीतली पत बँकेत कशी न्यायची एवढाच विषय आहे. आधीच सांगते, याला पाच-सहा महिने लागतात. उद्या सकाळी पैसे पाहिजेत अशी अडचण असेल तर घरातलं डोरलं किंवा पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण घ्या, ते त्याच दिवशी होतं आणि खाजगी सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, बाकीचं नंतर वाचा.

पहिलं काम: वही

दहा-वीस रुपयाची वही आणा. रोज रात्री तीन आकडे लिहा: आज किती आले, धंद्यावर किती गेले, घरात किती गेले. बस. आलेले आणि गेलेले एकत्र करून "आज तीनशे राहिले" असं लिहू नका, त्याने काही कळत नाही. आणि घराचा खर्च वेगळा लिहा हे मी दहा वेळा सांगते तरी बायका मुलाच्या वहीचे पन्नास रुपये पिठाच्या खर्चात घालतात.

मावशींचं पहिल्या महिन्याचं असं निघालं. रोज शंभर भाकऱ्या, १५ रुपयाला एक, म्हणजे १,५००. दहा किलो ज्वारी दळणासकट ५००, गॅस १५०, मदतीला येणाऱ्या पोरीला २००, पिशव्या आणि रिक्षा १००. खर्च ९५०, राहिले ५५०. महिन्याला २६ दिवस धंदा धरला तर १४,३००. त्यातले साधारण ९,००० घरात जातात. उरले ५,३००. मावशींना हा आकडा सांगितल्यावर त्या दोन मिनिटं गप्पच बसल्या, मग म्हणाल्या "मग जातात कुठं?" तर ते जात होते उधारीवर, पाहुण्यांवर, आणि एका नातेवाईकाला दर महिन्याला "हातउसने" दिलेल्या पैशांवर. असो, तो घरगुती विषय.

लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा. लिहिता येत नाही हे कारण धरू नका, आपल्याच शेजारी सातारा जिल्ह्यात म्हसवडला काय झालं ते बघा. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायची होती म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते, बँका खातं उघडेनात कारण रक्कम फारच लहान. तेव्हा तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला, का तर अर्ज करणाऱ्या कितीतरी बायका अंगठा लावणाऱ्या. बायकांनी काही महिने रात्री बसून अक्षरं गिरवली आणि परत जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला लावा. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सांगायचा मुद्दा, हिशोब आपल्या बायकांना येतोच, फक्त कागदावर उतरत नाही.

दुसरं: पैसा खात्यातून फिरू द्या

जनधन खातं २०१४ पासून बहुतेक घरांत आहे, पण त्यात गॅसची सबसिडी आणि योजनेचे पैसे येतात आणि आले की त्याच दिवशी निघतात. अशा खात्याचं स्टेटमेंट बघून कोण कर्ज देणार? धंद्याची निम्मी तरी रक्कम खात्यात यायला पाहिजे. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोनदा गावात बँकेचं काम करणाऱ्या बँक मित्राकडे किंवा बँक सखीकडे भरा, पावती घ्या. अंगठा लावून पैसे काढताना मशीनवर रक्कम बघूनच अंगठा लावा, "आला नाही, परत लावा" म्हणाला तर आधी मोबाईलवर मेसेज आलाय का ते तपासा.

झिरो बॅलन्सच्या खात्यातून महिन्याला चार वेळा फुकट पैसे काढता येतात हे लक्षात ठेवा. दोन वर्षं काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, मग केवायसीसाठी परत चकरा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. गाड्यावर, दुकानात क्यूआर कोड लावलेला असतो, तो बोलणारा डबा पण असतो, "पंधरा रुपये प्राप्त हुए" वगैरे ओरडत असतो, पण तो कोड असतो पोराच्या नंबरवर. म्हणजे भाकरी आईने थापायची आणि धंदा दिसणार पोराच्या खात्यात. आईच्या नावाने कर्ज मागायला गेलं की स्टेटमेंट कोरं. मावशींच्या बाबतीत हेच झालं होतं. मोबाईल नंबर आईच्या खात्याला जोडा, क्यूआर आईच्या नावाचा काढा, मोबाईल कुणाच्या का हातात असेना.

खात्यात पैसे असताना आणखी दोन गोष्टी करून घ्या, वर्षाला २० रुपयात अपघात विमा आणि ४३६ रुपयात जीवन विमा, दोन्हींत दोन-दोन लाखाचं कवच आहे. घरातला कमावता माणूस गेला की कर्ज बुडतं आणि घर सावकाराच्या दारात जातं, हे मी तीन घरांत बघितलंय.

तिसरं: कागदांवर एकच नाव

यावर कुणी लिहीत नाही पण निम्म्या फाईली इथेच अडकतात. आधारवर "सुनिता", पॅनवर "सुनीता", पासबुकात माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव मधेच नाही. इंग्रजी स्पेलिंगची तर बातच सोडा. कर्ज मागायच्या आधी, नंतर नाही, आधी, हे सगळं एकसारखं करून घ्या. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी चालतो, जिथे नाही चालत तिथे राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं. आधार आधी दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक, या क्रमाने केलं तर कमी चकरा होतात.

बाकी कागद: जागा भाड्याची असेल तर भाडेकरार किंवा मालकाचं संमतीपत्र, गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती. दुकान असेल आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टचा परवाना लागत नाही, फक्त ऑनलाईन सूचना द्यायची आणि त्याची पावती मिळते. खायच्या वस्तूंचा धंदा असेल तर अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन करा, त्याची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. ही पूर्ण फुकट आहे, परत वाचा, फुकट. २०२० च्या जुलैपासून सुरू आहे, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात होते. पॅन नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी उद्यम असिस्ट आहे, ते बँकेमार्फत होतं. इंटरनेटवर हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साईट आहेत, त्या हजार-दीड हजार घेतात आणि तेच करून देतात जे फुकट होतं.

चौथं: सिबिल बघा, घाबरू नका

आपल्याकडे चार कंपन्या कर्जाचा इतिहास ठेवतात, सिबिल त्यातली एक, पण लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्कोअर ३०० ते ९०० असतो. आयुष्यात कधी कर्ज घेतलंच नाही तर स्कोअरच नसतो, तो खराब नव्हे, कोरा. कोऱ्या पाटीवर पहिलं कर्ज लहान मिळतं एवढंच.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? स्कोअर नंतर, आधी यादी बघा, आपण न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का. मोबाईल हप्त्यावर घेतलेला, तो फिटला तरी उघडाच दिसतो असं खूप होतं. चूक असेल तर त्याच कंपनीकडे ऑनलाईन तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, नाही लावला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

माझंच सांगते. एका नातेवाईकाच्या कर्जाला मी जामीनदार म्हणून सही केली होती, लग्नघरात, पंगत उठल्यावर, न वाचता. दोन वर्षांनी माझ्या शिलाई मशीनच्या कर्जाला नकार आला तेव्हा कळलं की त्याने आठ हप्ते थकवलेत आणि ते माझ्या रिपोर्टमध्ये पण दिसताहेत. जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. त्याने नाही भरलं तर तुम्ही भरायचं, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. तेव्हापासून मी सहीच्या बाबतीत कडू झालेय, लोक नाव ठेवतात, ठेवू देत.

पाचवं: गट असेल तर आधी गटातून घ्या

नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ ला ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला होता, त्यातून आजचं सगळं उभं राहिलं. गटाचं कर्ज एकट्याच्या कर्जापेक्षा सोपं असतं कारण बँक एका बाईला बघत नाही, दहा जणींना बघते. गटात १० ते २० बायका. पंचसूत्री तोंडपाठ असेलच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या पैशातून गटातल्याच बाईला), नियमित परतफेड, हिशोब नीट. बँकेचा माणूस येतो तेव्हा तो नेमकं हेच बघतो, इतिवृत्ताच्या वहीत सह्या आहेत का, एकाच दिवशी बसून सहा महिन्यांच्या सह्या केल्यात का (शाई एकच दिसली की कळतं हो!), अंतर्गत कर्ज फिरतंय का नुसतेच पैसे खात्यात पडून आहेत.

उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांसाठी रिझर्व्ह बँकेचे काही नियम आहेत, ते शाखेतल्या नव्या साहेबांना माहीत नसतात म्हणून तुम्हालाच माहीत पाहिजेत. गट सहा महिने चालू असायला पाहिजे, पण ते सहा महिने गटाच्या वह्यांवरून मोजायचे, बँकेत खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. बचत खातं उघडताना गटाच्या पॅनकार्डासाठी अडवायचं नाही, पॅन नसल्याचं घोषणापत्र चालतं, आणि खातं उघडायला सगळ्या सदस्यांची केवायसी नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त ते. दुसऱ्यांदा आठपट किंवा तीन लाख. १० लाखापर्यंत तारण नाही, मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा वाटा) नाही, आणि बचत अडकवून ठेवायची नाही. तीन लाखापर्यंत व्याज ७ टक्के.

७ टक्के! आणि अशाच गटातल्या बायका मागच्या दाराने खाजगी फायनान्सचं २४ टक्क्याचं ग्रुप लोन घेतात. का, तर ते लोक दारात येतात आणि आठवड्यात पैसे देतात. यावर पुढे बोलते.

पैसे गटात आले की सगळ्यांनी सारखे वाटून घेऊ नका. हे जवळपास सगळीकडे होतं, दीड लाख आले, दहा जणी, प्रत्येकीला पंधरा हजार, कुणी रुसायला नको. पंधरा हजारात कुणाचाच धंदा होत नाही, ते घरात विरघळतात आणि हप्ता मात्र मागे लागतो. ज्यांचा धंदा तयार आहे त्या चौघींना आधी द्या, त्यांचं फिटत आलं की पुढच्या चौघींना. बैठकीत भांडणं होतील, होऊ द्या, ती आधीच झालेली बरी.

सहावं: किती मागायचं

आता वही बाहेर काढा. मावशींकडे महिन्याला ५,३०० उरतात. हप्ता त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, म्हणजे २,६५० च्या आत. सगळेच्या सगळे हप्त्यात घातले तर श्रावणात आणि लग्नसराईत धंदा खालीवर झाला की गाडी अडलीच.

५०,००० रुपये, दोन वर्षं, १२ टक्के, घटत्या शिल्लकीवर, हप्ता बसतो साधारण २,३५४. एकूण व्याज सुमारे ६,५००. बसलं गणितात. तेच १२ टक्के "फ्लॅट" म्हणून कुणी सांगितले तर व्याज १२,००० होतं आणि हप्ता २,५८३, कारण ते पूर्ण दोन वर्षं पूर्ण पन्नास हजारांवर व्याज लावतात, तुम्ही फेडलेलं मोजतच नाहीत. घटत्या हिशोबाने तो दर साडेएकवीस टक्क्याच्या वर जातो. म्हणून "किती टक्के" एवढंच विचारू नका, "फ्लॅट का घटता" हे विचारा, आणि एकूण किती रुपये परत द्यायचे ते विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यायचाच आहे, त्यात एपीआर नावाने सगळा खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो मागून घ्या आणि सहीच्या आधी वाचा, पंगत उठल्यावर नाही.

आणि सावकाराकडून शेकडा पाचने घेतले तर? महिन्याला २,५०० नुसतं व्याज. म्हणजे बँकेच्या हप्त्यापेक्षा दीडशे जास्त, आणि दोन वर्षांत साठ हजार देऊनही मुद्दल पन्नास हजार जागच्या जागी. मावशींना हे वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं होतं, त्यांनी ते पान फाडून देवघरात ठेवलंय.

कशासाठी मागायचं तेही ठरवा. मावशींना वीस हजाराची घरगुती चक्की पाहिजे होती आणि उरलेल्या पैशात सुगीला ज्वारी स्वस्त असते तेव्हा एकदम भरून ठेवायची होती. चक्की झाली मुदत कर्जाची वस्तू, ज्वारी झालं खेळतं भांडवल, अर्जात हे वेगवेगळं लिहायचं. मशीनचं कोटेशन दुकानदाराकडून घ्या, बहुतेक वेळा बँक मशीनचे पैसे थेट दुकानदारालाच देते.

सातवं: कुठली योजना

योजना ढीगभर आहेत, सगळ्या सांगत नाही, लागणाऱ्या सांगते.

शहरात गाडा, पाटी, रस्त्यावरची भाजी असेल तर पीएम स्वनिधी. २०२० ला लॉकडाऊनमध्ये दहा हजारापासून सुरू झाली, २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. वेळेवर फेडलं तर व्याजातले ७ टक्के सरकार देतं. नगरपालिकेचं फेरीवाल्याचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. कोऱ्या सिबिलवाल्यांसाठी याच्यासारखी सुरुवात नाही, रक्कम लहान आहे म्हणून नाक मुरडू नका, पहिला इतिहास तयार होतो.

शेतीव्यतिरिक्त कुठलाही छोटा धंदा, दूध-कोंबड्या धरून, मुद्रा. शिशू ५०,००० पर्यंत, किशोर पाच लाख, तरुण दहा लाख, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना वीस लाखापर्यंत. तारण लागत नाही. मुद्रा स्वतः कुणाला पैसे देत नाही, बँकच देते, त्यामुळे "मुद्राच्या ऑफिसातून बोलतोय, दोन हजार प्रोसेसिंग भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट असे अठरा पारंपरिक व्यवसाय असतील तर पीएम विश्वकर्मा, ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख. लोणची-पापड-मसाला अशा प्रक्रियेच्या धंद्याला पीएमएफएमई, त्यात ३५ टक्के अनुदान.

मोठी मशिनरी टाकायची असेल तर राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना, जिल्हा उद्योग केंद्रातून, १५ ते ३५ टक्के अनुदान. इथे एक इशारा. लोक सबसिडी बघून कर्ज घेतात. "पाच लाखाचं घेऊ, पावणेदोन सुटतात." अनुदान हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून अडकून राहतं आणि धंदा चालू असला तरच कर्जात वळतं होतं. तोवर हप्ते तुम्हालाच भरायचेत. सबसिडी नसती तरी हे मशीन घेतलं असतं का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर घेऊ नका.

आठवं: बँकेत जायचा दिवस

जिथे खातं आहे त्याच शाखेत जा. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते आणि साहेबांचं डोकं ठिकाणावर नसतं. दुपारी तीननंतर बरं. सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट, वही, कोटेशन, उद्यमचा कागद, आधार-पॅन, आणि एका पानावर धंद्याचं गणित.

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच द्यायची नसते असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. छोट्या उद्योगांच्या २५ लाखापर्यंतच्या अर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नाकारलं तर कारण लेखी. "सध्या टार्गेट संपलंय" हे कारण लेखी कुणी देत नाही, त्यामुळे लेखी मागितलं की बऱ्याचदा टार्गेट परत सापडतं.

गावाकडे अजून एक जाच असतो, तालुक्यातल्या सगळ्या बँकांतून नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचे, दाखले आणा म्हणतात. ग्रामीण आणि निमशहरी भागात वैयक्तिक कर्जदारांना आणि गटांना यासाठी पळवायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१५ लाच सांगितलंय, सिबिल बघा म्हणा. कर्जासोबत विम्याची मोठी पॉलिसी गळ्यात मारत असतील तर ती सक्तीची नाही, स्पष्ट नको म्हणा. एजंट मधे घालू नका, दहा टक्के त्याचे गेले की पन्नास हजाराचे पंचेचाळीस झाले आणि व्याज पन्नासवर.

दाद लागली नाही तर आधी बँकेतच लेखी तक्रार, ३० दिवस थांबायचं, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फुकट आहे, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते.

मावशींना घेऊन मी सात महिन्यांनी परत गेले. साहेब बदललेले, नवीन मुलगा होता, हिंदीत बोलणारा. त्याने विचारलं महीने का कितना बचता है? मावशींनी पिशवीतून वही काढली, तेलाचे डाग पडलेली, पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि बोट ठेवलं. पाच हजार तीनशे. त्याने दोन-तीन पानं उलटली, स्टेटमेंटशी ताडून बघितली, एका ठिकाणी थांबून म्हणाला इस दिन कुछ नहीं लिखा? मावशी म्हणाल्या, "नातीचं बारसं होतं त्या दिवशी." शिशू मुद्रा मंजूर झालं.

फायनान्सवाले आणि सावकार

मायक्रोफायनान्स, म्हणजे बायकांच्या ग्रुपला दारात येऊन छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या, सगळं वाईट नाही. बँक जिथे पोचत नाही तिथे ते पोचले हे खरं आहे. प्रश्न होतो तो एकाचं फेडायला दुसऱ्याचं घेताना, आणि तिसऱ्याचं घेताना. मंगळवारी एका कंपनीची मीटिंग, गुरुवारी दुसऱ्या कंपनीची, आणि एका बाईने नाही भरलं तर बाकीच्या बायका तिच्या दारात बसतात.

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे: वर्षाला तीन लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज, तारण घ्यायचं नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, कर्जाचं कार्ड आपल्याला कळणाऱ्या भाषेत पाहिजे, आणि सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही. शिवीगाळ, भांडी उचलणं, नातेवाईकांना फोन, काहीच चालत नाही. आलेच तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वर सांगितलेल्या मार्गाने तक्रार करा. आणि उत्पन्न विचारतील तेव्हा कर्ज मोठं मिळावं म्हणून वाढवून सांगू नका, तो निम्म्याचा नियम तुमच्याच रक्षणासाठी आहे. मोबाईल ॲपवरच्या झटपट कर्जाबद्दल एवढंच, फोटो आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागणारं ॲप टाकूच नका.

सावकाराचं म्हणाल तर आपल्या भागाला हे नवीन नाही, १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळली होती. आता २०१४ चा राज्याचा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही सरकारने ठरवलेल्या वार्षिक दराच्या वर व्याज लावता येत नाही. शेकडा पाच आणि दहा महिन्याला घेणारे कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. बळकावलेली जमीन परत मिळवायची तरतूद त्या कायद्यात आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. कोरा चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही, ही दोन पापं करू नका.

कर्ज मिळाल्यावर

हप्त्याची तारीख धंद्याच्या पैशाशी जुळवून घ्या, सुरुवातीलाच विचारलं तर बँक ऐकते. तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे ठेवा, हप्ता बाऊन्स झाला की दंड आणि सिबिलवर डाग, दोन्ही. आजारपण आलं, धंदा बसला तर तोंड लपवू नका, हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन सांगा. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं, त्याच्या आधी मुदत वाढवण्यासारखं काहीतरी होऊ शकतं, नंतर अवघड. "सेटलमेंट करा, थोडे भरा, बाकी माफ" याला लगेच भुलू नका, रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं कुठलीच बँक उभी करत नाही.

उरलेली बचत पतसंस्थेत ठेवणार असाल तर लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जास्त व्याजाच्या नादात सगळं एका ठिकाणी ठेवू नका.

शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. नो ड्यूजचं पत्र लेखी घ्या, दिलेले कोरे चेक परत घ्या, आणि महिन्याभराने सिबिल काढून कर्ज "क्लोज्ड" दिसतंय का बघा. मावशींचे अजून पाच हप्ते राहिलेत, चक्कीवर आता गल्लीतल्यांचं दळण पण घेतात, किलोला सहा रुपये, आणि त्याची वेगळी वही केलीय.